तालमीचा खर्च: मुरुडच्या किनाऱ्यापासून मुंबईच्या नृत्यशाळांपर्यंत

नृत्याच्या इतिहासात प्रयोगाची नोंद राहते, तालमीची राहत नाही. प्रयोगाची जाहिरात होते, त्याचे परीक्षण छापून येते, त्याचे छायाचित्र घराच्या भिंतीवर टांगले जाते. परंतु त्या प्रयोगाआधी महिनोनमहिने कोणी जागा दिली, कोणी ठेका धरला, शिकवणाऱ्याला काय मिळाले आणि शिकणाऱ्याचे पोट त्या काळात कशावर भरले, हे प्रश्न इतिहासकाराने मुद्दाम विचारल्याशिवाय पुढे येत नाहीत. दरबारी नर्तिकेच्या तालमीचा खर्च आश्रयदाता उचलत असे, देवळाशी बांधलेल्या नर्तिकेचा देवस्थान उचलत असे आणि एखाद्या नृत्यसंस्थेत पगारावर असलेल्या नर्तकाचा खर्च ती संस्था उचलते. ज्या नर्तकामागे यांपैकी कोणीच नसते, त्याच्या सरावाचा भार कोणावर पडतो, हा या निबंधाचा विषय आहे.

आज हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने भेडसावतो तो समकालीन नृत्य करणाऱ्या मुक्त कलावंतांना. कोणत्याही एका शास्त्रीय शैलीचे व्याकरण बंधनकारक न मानता, शरीराच्या हालचालीतूनच रचनेचा नियम शोधणारे जे रंगमंचीय नृत्य विसाव्या शतकात आकाराला आले, त्याला येथे समकालीन नृत्य म्हटले आहे. आणि ज्याला मासिक वेतन नसून प्रयोगागणिक किंवा वर्गागणिक मानधन मिळते, तो मुक्त नर्तक होय. असे नर्तक एकत्र येऊन जागेचे भाडे वाटून घेतात, एकमेकांना शिकवतात आणि नृत्य हा व्यवसाय नसलेल्या लोकांसाठीही कार्यशाळा घेतात. ही पद्धत न्यूयॉर्क आणि लंडन येथून आली असा सर्वसाधारण समज आहे आणि तिच्या आजच्या स्वरूपापुरता तो बराचसा खराही आहे. परंतु तालमीचा खर्च वाटून घेण्याची रीत मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर असलेल्या मुरुडच्या किनाऱ्यावर आणि तिथून मुंबईला गेलेल्या कामगारांच्या वस्त्यांत फार पूर्वीपासून रुळलेली होती. या दोन परंपरांत थेट वंशपरंपरेचे नाते नाही. पण अडचण एकच असल्यामुळे त्यांनी काढलेला मार्गही सारखा आहे, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या की आजच्या मुक्त नर्तकाकडे काय आहे आणि काय नाही हे नेमके कळते.

किनारा, पाऊस आणि मोकळा वेळ

राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी जंजिरा, समोर समुद्रात पद्मदुर्ग आणि मधल्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्यांनी वेढलेले गाव, अशी मुरुडची रचना आहे. आफ्रिकी वंशाच्या सिद्दी सत्ताधीशांचे जंजिरा संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुरुड कुलाबा जिल्ह्याचा तालुका बनले. १९८१ पासून तो जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो. एकदरा, राजपुरी, नांदगाव, बोर्ली, कोर्लई अशा गावांतून कोळी, आगरी, कुणबी, माळी, भंडारी, कोकणी मुसलमान आणि ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वस्ती पसरलेली आहे. या समाजांचे व्यवसाय वेगवेगळे असले, तरी त्यांचे वर्ष एकाच घटनेने दुभंगते, ती म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पाऊस.

पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरच मासेमारी पुन्हा सुरू होत असे. आता यांत्रिकी मासेमारीवर शासनाची बंदी असते आणि पश्चिम किनाऱ्यावर ती अलीकडे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे. परंतु तिच्या कितीतरी आधीपासून हवामानानेच असा खंड घालून दिला होता. कुणब्याच्या शेतावरचे गणित याहून थोडे निराळे होते. भाताची लावणी आटोपली की कापणीपर्यंत त्याचा दिवस कामाने गच्च भरलेला नसे. अशा रीतीने आषाढाच्या उत्तरार्धापासून भाद्रपदापर्यंत किनाऱ्यावरच्या माणसाला थोडाबहुत मोकळा वेळ मिळे, आणि गौरी-गणपतीचा सण त्या काळाच्या शेवटी येत असल्यामुळे त्या वेळेला ध्येयही मिळे. तालमीची प्रथा या वेळापत्रकावर उभी राहिली.

गणपतीच्या दिवसांत घरोघरी आणि अंगणात जे नृत्य होते, त्याला जाखडी किंवा बाल्या नाच म्हणतात. वादक आणि गायक मध्यभागी बसतात व नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. ढोलकी किंवा मृदंग आणि झांज यांच्या ठेक्यावर पायातल्या चाळाचा, म्हणजे घुंगरांच्या माळेचा, आवाज मिसळतो. आरंभी गणेशाचे स्तवन करणारा गण, नंतर कृष्ण आणि गोपी यांच्या संवादाची गवळण आणि त्यापुढे पुराणातल्या कथा किंवा प्रश्नोत्तरे असा त्याचा क्रम असतो. प्रश्नोत्तरांचा हा भाग शक्ती-तुरा या जुन्या शाहिरी वादाशी जोडलेला आहे. या वादात एक पक्ष शक्तीचे, म्हणजे आदिमायेचे, श्रेष्ठत्व मांडतो, तर दुसरा शिवाचे. पहिल्याला कलगीवाले किंवा शक्तीवाले आणि दुसऱ्याला तुरेवाले म्हणतात. दोन्ही पक्षांत गुरुपरंपरा मानली जाते, आणि आपण कोणत्या गुरूच्या घराण्याचे हे शाहीर गाण्यातूनच सांगतो.

कोळी समाजाच्या नृत्याचे प्रसंग होळी, नारळी पौर्णिमा आणि लग्न हे होत. आगरी-कोळी लग्नात धवळे, म्हणजे विधीची पारंपरिक गीते, गाणाऱ्या स्त्रीला धवलारीण म्हणतात आणि हळदीच्या रात्रीचा नाच घरातल्या लहानथोरांना एकत्र आणतो. रंगमंचावर जे कोळीनृत्य दिसते, त्यातील वल्हे मारण्याच्या हालचाली, समोरासमोरच्या दोन रांगा आणि टोपली घेतलेल्या स्त्रियांच्या आकृती या मूळ प्रसंगांतून निवडून, प्रेक्षकाकडे तोंड करून मांडलेल्या आहेत. म्हणजे अंगणातले नृत्य आणि मंचावरचे नृत्य यांत फरक आहे. पण दोन्हींत नाचणारा माणूस दिवसा दुसरे काम करणाराच आहे.

वाडीची तालीम

जाखडीची तालीम लागली म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर वाडीतली मुले-माणसे एखाद्याच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात जमत. जागेला भाडे नव्हते, कारण ती वाडीची किंवा वाडीतल्या कोणाच्या तरी मालकीची होती. शिकवणारा गुरू किंवा वस्ताद गावातलाच असला तर त्याला मान मिळे आणि बाहेरून आणलेला असला तर त्याच्या राहण्याजेवणाची सोय वाडी करी. ढोलकी, झांज आणि चाळ यांसाठी वर्गणी काढली जाई. सणात घरोघरी नाचून मिळालेली बक्षिसी नाचणाऱ्यांच्या खिशात न जाता बहुधा सामाईक निधीत जमा होई, आणि तोच पैसा पुढच्या वर्षीच्या साहित्याला किंवा देवळाच्या कामाला वापरला जाई. या सगळ्या व्यवहारावर गावकीची, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराची, देखरेख असे.

शिकण्याची रीतही या अर्थव्यवस्थेशी जुळणारी होती. व्यायाम वेगळा, पाऊल वेगळे आणि रचना वेगळी असे भाग पाडून शिकवण्याची येथे पद्धत नव्हती. नवखा मुलगा फेरात उभा राहून पुढच्याचे पाऊल पाहत पाहत शिके आणि त्याचे चुकणे फेरात सामावून जाई. फेराला पुढची रांग नसते, त्यामुळे सर्वांत निपुण नाच्या आणि सर्वांत कच्चा नाच्या एकाच अंतरावर असतात. रोज नियमाने येणे हीच शिष्याची फी होती. ज्याला गाता येई तो गायला शिकवी, ज्याला वाजवता येई तो वाजवायला शिकवी आणि वर्षे उलटली की कालचा शिकाऊ आजच्या शिकाऊला सांभाळून घेई. ज्ञान पैशाशिवाय फिरत राहावे अशी ही व्यवस्था होती, आणि तिचे मोल आजच्या काळात अधिकच जाणवते.

तथापि या व्यवस्थेला सामाजिक मर्यादाही तितक्याच पक्क्या होत्या. वाडी बहुतेक ठिकाणी जातीची असल्यामुळे तालीमही जातीची असे. जाखडीचा फेर पुरुषांचा होता. स्त्रिया गौरीपुढे स्वतंत्र फेर धरून गात व नाचत, आणि शक्ती-तुऱ्याच्या मंचावर स्त्री शाहीर दिसू लागल्या त्या अलीकडच्या काळात. एका गुरूचा शिष्य प्रतिपक्षाच्या तालमीत बसू शकत नसे. सामूहिकता होती, पण तिचे दार सर्वांना उघडे नव्हते. पुढच्या काळात शहरात जे प्रयोग झाले, त्यांनी हे दार मोठे केले आणि त्या बदल्यात वाडीची हक्काची जागा गमावली.

गिरणगावातील विस्तार

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतरच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाट वस्ती, म्हणजे गिरणगाव, वसली आणि तिला लागणारे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणात कोकणाने पुरवले. गावाकडून एकटा आलेला पुरुष आपल्या गावच्या सामाईक खोलीत पथारी टाकी. अशा खोल्यांचे भाडे सर्वांनी मिळून भरायचे, पाळ्या बदलल्या की झोपण्याच्या जागाही बदलायच्या, आणि गावचा निधी, गावचे भजन व गावचा नाच यांचा कारभार तिथूनच चालवायचा, अशी ही व्यवस्था होती. कोकणातून नोकरीसाठी मुंबईत राहणाऱ्या माणसाला चाकरमानी म्हणतात. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी आपल्याबरोबर मुंबईत बसवलेली चाल आणि नवे कवन घेऊन जाई. तालमीचे ठिकाण अशा प्रकारे दोन झाले, परंतु तिचा समुदाय एकच राहिला.

शहरात आल्यावर अंगणातल्या नृत्याला तिकीट लागले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळ येथील दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकांचे आणि पुढे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांचेही हक्काचे ठिकाण बनले. सामना म्हणजे दोन पक्षांच्या शाहिरांनी एकाच मंचावर एकमेकांच्या सवालांना उत्तरे देत रंगवलेला कार्यक्रम. त्याच्या उत्पन्नातून गावची शाळा, देऊळ किंवा रस्ता यांसाठी मदत उभी राहत असल्यामुळे तिकीट विकत घेणे हे गावाप्रती कर्तव्य मानले जाई. कलावंत मात्र बहुधा गिरणीच्या पगारावरच जगत होता. म्हणून १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा कामगारांच्या रोजगाराबरोबर त्यांच्या तालमीला अप्रत्यक्षपणे पैसा पुरवणारा झराही आटला.

अल्मोडा आणि अंधेरी

गिरणगावात ही परंपरा भरात असतानाच आधुनिक नृत्याच्या क्षेत्रात सामूहिक शिक्षणाचा दुसरा प्रवाह सुरू झाला. उदय शंकर यांनी १९३८ साली हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरात अल्मोडा येथे कलाकेंद्र स्थापन केले आणि त्यासाठी इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉलच्या एल्महर्स्ट दांपत्याच्या वर्तुळातून अर्थसाहाय्य मिळाले. कथकली शंकरन नंबुद्री, भरतनाट्यम कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरी अमोबी सिंग आणि संगीत उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून शिकण्याची सोय एकाच आवारात होती. झोहरा सेहगल यांनी अभ्यासक्रमाची आखणी करण्यात पुढाकार घेतला. चालणे, उभे राहणे, दुसऱ्याच्या हालचालीकडे पाहून आपली हालचाल घडवणे आणि उत्स्फूर्त रचना करणे यांचा उदय शंकर स्वतः घेत असलेला सामाईक वर्ग हे तिथल्या शिक्षणाचे वैशिष्ट्य होते. पुढे चित्रपटात नाव मिळवणारे गुरुदत्त या केंद्राचे विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आर्थिक अडचणी वाढून १९४४ च्या सुमारास हे केंद्र बंद पडले, आणि मोठ्या देणगीवर उभी राहिलेली तालीम देणगी थांबली की थांबते, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसून आले.

अल्मोड्याच्या विद्यार्थ्यांपैकी शांती बर्धन मुंबईला आले. २५ मे १९४३ रोजी मुंबईत भारतीय जननाट्य संघाची, म्हणजे इप्टाची, स्थापना झाली होती. बंगालच्या दुष्काळाने हादरलेल्या कलावंतांना नाटक, गाणे आणि नृत्य यांतून जनतेपर्यंत पोहोचायचे होते. १९४४ मध्ये संघाचे केंद्रीय पथक अंधेरीत स्थिरावले आणि तिथे नर्तक, वादक व गायक एकत्र राहू लागले. स्वयंपाक, साफसफाई आणि सराव सामाईक असून दिवसाचा मोठा भाग तालमीला दिलेला असे. बर्धन यांच्या दिग्दर्शनाखाली ‘स्पिरिट ऑफ इंडिया’ आणि त्यानंतर, पंडित रविशंकर यांच्या संगीतासह, ‘इंडिया इम्मॉर्टल’ हे बॅले येथे बसवले गेले. विविध प्रांतांतून आलेले तरुण एकमेकांना आपापल्या मुलखाची लोकनृत्ये शिकवत आणि त्यांतून नव्या रचना होत. त्याच सुमारास अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक गिरणगावाच्या चाळींसमोर उभे राहून कामगारांच्या शाहिरीला नवे विषय देत होते. अंधेरीचे सहजीवन आणि लालबागची शाहिरी ही एकाच चळवळीची दोन अंगे होती.

वाडीच्या तालमीशी तुलना केली तर अंधेरीने दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे तालीम जातीच्या आणि लिंगाच्या बाहेर आली. स्त्रिया आणि पुरुष, बंगाली आणि गुजराती, सुशिक्षित आणि कामकरी एकाच फरशीवर सराव करू लागले. दुसरी गोष्ट म्हणजे नृत्य हे फावल्या वेळातले काम न राहता पूर्ण वेळचे झाले, आणि त्यामुळे पोटापाण्याचा भार संघटनेवर आला. राजकीय परिस्थिती बदलली तेव्हा तो भार पेलणे संघटनेला शक्य राहिले नाही आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पथक विखुरले. सचिन शंकर यांनी १९५३ मध्ये मुंबईत स्वतःचे बॅले युनिट उभारले. बर्धन यांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप स्थापन केला आणि नर्तकांनी कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करायच्या अशा अपूर्व शैलीत रामायण बसवले. १९५४ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाल्यावर गुल बर्धन आणि सहकाऱ्यांनी ते काम पुढे नेले. परंतु मुंबईत जागा आणि निर्वाह परवडेना, हे या मंडळींच्या वाट्याला आलेले वास्तव होते, आणि १९६४ मध्ये हा संच ग्वाल्हेरला गेला, तिथून पुढे भोपाळला स्थायिक झाला. समूहाने राहून नृत्य करणारी एक महत्त्वाची संस्था महाराष्ट्राच्या हातून अशी निसटली.

मुक्त नर्तकांचा काळ

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास नर्तकांनी संस्थेच्या बाहेर पडून सामाईक सराव सुरू केला होता. न्यूयॉर्कमध्ये मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यशाळेत रॉबर्ट डन यांनी १९६० पासून रचनेचा वर्ग घेतला. त्यातील तरुणांनी जुलै १९६२ मध्ये जडसन मेमोरियल चर्चमध्ये आपले काम दाखवले आणि पुढे दर आठवड्याला तिथेच एकत्र जमून एकमेकांच्या रचनांवर चर्चा केली. चर्चने जागा दिली म्हणून हे शक्य झाले, ही बाब सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत बहुधा मागे पडते. याच वर्तुळातील स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन हा प्रकार सुरू केला. दोन नर्तकांनी शरीराच्या स्पर्शातून आणि एकमेकांना दिलेल्या भारातून, आधी न ठरवता, हालचाल निर्माण करायची, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या खुल्या सरावाला जॅम म्हणतात. हा प्रकार शिकवण्याचा परवाना कोणाला द्यावा आणि कोणाला देऊ नये, असा प्रश्न आला तेव्हा पॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी नोंदणीकृत हक्काचा मार्ग नाकारला आणि आपसांत अनुभव कळवणारे पत्रक काढले. वाडीच्या तालमीत ज्ञान विकले जात नव्हते. येथे ते विकायचे नाही असा विचारपूर्वक निर्णय घेतला गेला.

भारतात या विचारांची देवाणघेवाण घडवणारी महत्त्वाची घटना मुंबईतच झाली. जानेवारी १९८४ मध्ये मॅक्सम्युलर भवन या जर्मन सांस्कृतिक संस्थेचे गेऑर्ग लेश्नर यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये, पूर्व-पश्चिम नृत्यसंवाद भरला. चंद्रलेखा, कुमुदिनी लाखिया आणि जर्मनीच्या सुझान लिंके यांच्यासारख्या नृत्यरचनाकारांनी एकमेकांचे काम पाहिले आणि त्यावर चर्चा केली. भारतीय समकालीन नृत्याच्या इतिहासात या संमेलनाला वळणाचे स्थान दिले जाते. परंतु त्याचा खर्च एका परकीय सांस्कृतिक संस्थेने आणि मोठ्या कलाकेंद्राने उचलला होता, आणि संमेलन संपल्यावर रोजच्या सरावाची जबाबदारी पुन्हा एकेकट्या नर्तकावर आली.

अस्ताद देबू (१९४७–२०२०) हे या एकाकी जबाबदारीचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण होय. कथक आणि कथकली शिकलेल्या देबू यांनी लंडनमध्ये मार्था ग्रॅहॅम यांच्या पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मुंबईत राहून स्वतःची शैली घडवली. मोठा कायमस्वरूपी संच त्यांनी बाळगला नाही. त्याऐवजी कर्णबधिर तरुण, रस्त्यावर वाढलेली मुले, मणिपूरचे ढोलवादक आणि थांग-ता या युद्धकलेचे साधक अशा समूहांबरोबर ते दीर्घकाळ काम करत आणि त्या सहवासातून प्रयोग उभा करत. समाजासाठी घेतलेली कार्यशाळा ही दुय्यम सेवा नसून नव्या रचनेचे उगमस्थान असू शकते, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले. पुण्यात हृषीकेश पवार यांच्या केंद्राने पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी चालवलेले नृत्यवर्ग याच दिशेचे आहेत; त्यांत रुग्णाला तोल, ताल आणि सोबत मिळते आणि नर्तकाला हालचालीचा मूळ प्रश्न नव्याने भेटतो. बेंगळुरूची अट्टक्कलरी (१९९२) आणि दिल्लीचा गती डान्स फोरम (२००७) यांनी समकालीन नृत्यासाठी शिक्षणाची आणि निवासी रचनाशिबिरांची चौकट उभी केली, आणि महाराष्ट्रातील अनेक तरुण शिक्षणासाठी राज्याबाहेर जाऊ लागले.

मुंबईत परतलेल्या मुक्त नर्तकाचे अर्थकारण साधारण एकाच प्रकारचे असते. सकाळी शाळेत किंवा व्यायामशाळेत वर्ग, दुपारी चित्रपट किंवा जाहिरातीसाठी काम, संध्याकाळी खासगी शिकवणी, आणि यांच्या फटीत स्वतःचा सराव. आरशांची आणि लाकडी फरशीची खोली तासाच्या भाड्याने मिळते. एकट्याला ती जड जाते, पण काही जणांनी मिळून घेतली तर परवडते. मग एक जण जमिनीवरच्या हालचालींचा वर्ग घेतो, दुसरी कलरीपयट्टू शिकवते, तिसरा कथकमधल्या पदन्यासाचा अभ्यास सर्वांपुढे मांडतो आणि कोणीही कोणाकडून फी घेत नाही. अशा वर्गात दुखापत टाळण्याचे ज्ञान, मानधनाचे प्रचलित दर आणि करारातल्या अटी यांचीही देवाणघेवाण होते, कारण मुक्त नर्तकाला हे सांगणारी दुसरी जागा क्वचितच असते. फेर धरून पुढच्याकडून शिकणाऱ्या वाडीतल्या मुलाचे आणि या नर्तकांचे तत्त्व एकच आहे. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीचा: वाडीला सभामंडप होता, यांना घड्याळ पाहत खोली रिकामी करावी लागते.

२०२० चा धडा

या दोन्ही परंपरांवर एकाच वर्षी संकट आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन-मुरुड पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या बागा, घरांची छपरे आणि विजेचे खांब उद्ध्वस्त झाले. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना विलगीकरणाचे नियम पाळावे लागले आणि घरोघरचे नाच होऊ शकले नाहीत. शहरात नाट्यगृहे, चित्रीकरण आणि वर्ग बंद झाल्याने मुक्त नर्तकाचे उत्पन्न शून्यावर आले. त्यांनी संगणकाच्या पडद्यावर एकत्र सराव सुरू ठेवला, हे कौतुकास्पदच होते. परंतु एकमेकांचे वजन पेलणे, श्वास जुळवणे आणि फेरात पाऊल मिळवणे या गोष्टी पडद्यावर होत नाहीत, हेही त्या काळाने दाखवून दिले.

त्यानंतर दोन्ही ठिकाणी सावरण्याचा वेग सारखा राहिला नाही. गावात तालीम पुन्हा लागण्यासाठी सणाचा दिवस, देवळाची जागा आणि वर्गणीची सवय पुरेशी होती. शहरात मात्र बंद पडलेल्या नृत्यशाळेचे भाडे पुन्हा सुरू करणे, पांगलेले सहकारी गोळा करणे आणि बुडालेल्या उत्पन्नातून सावरणे ही तिन्ही ओझी एकेकट्या नर्तकाने वाहिली. समाजाने गृहीत धरलेली सामाईक जागा ही कलेची सर्वांत टिकाऊ पुंजी असते, हा निष्कर्ष या तुलनेतून निघतो.

तालमीला मान्यता

आजचे सार्वजनिक धोरण या निष्कर्षाची पुरेशी दखल घेत नाही. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची गुरु-शिष्य परंपरेसाठीची अनुदान योजना गुरू आणि शिष्यांना मासिक साहाय्य देते आणि तिने अनेक संचांना आधार दिला आहे. पण ती मुख्यतः नोंदणीकृत संस्थांसाठी आहे. नोंदणी, लेखापरीक्षण आणि कायमचा पत्ता नसलेल्या मुक्त नर्तकांच्या गटाला आणि कागदोपत्री अस्तित्व नसलेल्या वाडीच्या नाचमंडळाला ती सारखीच दुर्गम ठरते. उत्सव आणि महोत्सव यांना मिळणारे साहाय्य प्रयोगाच्या दिवसाचे असते. मुरुडसारख्या पर्यटनाच्या गावी कोळीनृत्याच्या पथकाला अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी बोलावले जाते, मानधन त्या अर्ध्या तासाचे ठरते आणि त्यामागचे महिने हिशेबात येत नाहीत. असेच चालत राहिले तर अंगणातल्या नृत्याचे केवळ मंचावर बसणारे तुकडे शिल्लक राहतील, कारण बाकीचे शिकवायला कोणाला वेळच परवडणार नाही.

इतिहासातून सुचणारा उपाय फार खर्चाचा नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या गावात समाजमंदिर, शाळेचे सभागृह किंवा देवळाचा मंडप असतो आणि पावसाळ्यात पर्यटकांची वर्दळ ओसरल्यावर त्यांतील अनेक जागा रिकाम्या राहतात. त्या काळात मुंबई-पुण्याच्या मुक्त नर्तकांना निवासी सरावासाठी तिथे जागा मिळाली, आणि त्याच्या मोबदल्यात त्यांनी गावातल्या मुलामुलींसाठी सर्व जातिधर्मांना खुल्या कार्यशाळा घेतल्या, तर वाडीचा निधी आणि अंधेरीचा मोकळेपणा यांचा मेळ बसू शकेल. त्या कार्यशाळेत गावच्या शाहिराला आणि धवलारणीला शिक्षकाचे स्थान व शिक्षकाइतकेच मानधन मिळाले पाहिजे, कारण शिकण्याचा प्रवाह शहराकडून गावाकडे एकाच दिशेने वाहिला तर ती देवाणघेवाण राहत नाही. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारख्या संस्थांना अशा कामाची शास्त्रशुद्ध नोंद ठेवता येईल. शासकीय अनुदानाच्या अर्जात प्रयोगाच्या खर्चाबरोबर तालमीच्या दिवसांचा स्वतंत्र रकाना असणे आणि नोंदणी नसलेल्या गटाला ग्रामपंचायत किंवा शाळा यांच्यामार्फत अर्ज करता येणे, एवढे दोन बदलही पुष्कळ काही साधतील.

अल्मोडा देणगी संपल्यावर थांबले, अंधेरीचे पथक संघटना डळमळल्यावर विखुरले, गिरणगावची तालीम गिरण्यांबरोबर क्षीण झाली आणि १९८४ चा संवाद संमेलनापुरता राहिला; पण ज्या ठिकाणी जागा सामाईक, निधी सामाईक आणि शिकवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होते, त्या ठिकाणी नृत्य वादळातूनही परत उभे राहिले. एखाद्या समाजात नृत्य टिकेल की नाही हे त्याच्याकडे किती गुणी नर्तक आहेत यापेक्षा तालमीचा खर्च तो समाज आपला मानतो की नाही यावर ठरते, आणि मुरुडच्या किनाऱ्यावरील वाड्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या आपला मानला, हे त्यांचे नृत्याच्या इतिहासातील खरे योगदान आहे.